न मोजलेले चार ओहम

या वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी नियम सांगितले नाहीत. हजेरी घेतली, पहिलं प्रकरण उघडायला लावलं आणि शिकवायला लागलो. मुलांना काहीच वाटलं नाही, कारण असे काही नियम असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर दाजी मात्र तास संपल्यावर दारात थांबले होते.

"सर, आज भाषण नाय? बरा नाय काय?"

"बरा आहे. कंटाळा आला."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले.

मालवण किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वीस वर्षं होऊन गेली. बाहेरच्यांना वाटतं, विज्ञानाचा मास्तर म्हणजे दिवसभर गहन विचारात. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ जर्नलं तपासण्यात, म्हणजे मुलांच्या प्रयोगवह्यांवर सह्या करण्यात, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेली उपकरणं कानशीने घासण्यात गेला. इथल्या हवेत पितळेवर हिरवं चढतं, स्क्रू फिरेनासे होतात, गॅल्व्हानोमीटरचा काटा आळसावतो. गंजाचं मला काही वाटत नाही. माणूसही इथे तसाच जुना होतो.

भौतिकशास्त्र हा कोणाचा आवडता विषय नसतो. मुलाला इंजिनियर व्हायचं असतं किंवा डॉक्टर, आणि मध्ये हा विषय आडवा येतो. पालक येतात ते एकच विचारायला, "सर, पार होतलो मा?" अलीकडे तर निम्मी मुलं नाव आमच्याकडे घालतात आणि शिकायला शहरातल्या क्लासला जातात. मागचे बाक रिकामे असतात, पण मी सवयीने तिथपर्यंत आवाज पोचवतो. संध्याकाळी घसा दुखतो तेव्हा आठवतं, की तिथे कोणी नव्हतंच.

तर नियम. पहिल्या दिवशी मी ते फळ्यावर लिहायचो. जर्नल दर आठवड्याला पुरं पाहिजे. आलेख पेन्सिलीने काढायचा. चाचणी चुकली तर पुन्हा मिळणार नाही. उत्तराला एकक नसेल तर गुण नाही. या एककाच्या नियमावर माझा फार जीव होता. कोणी नुसतं 'उत्तर ५' लिहिलं की मी वर्गात वही उंच धरून विचारायचो, "पाच काय? पाच बांगडे?" एका वर्षी मागून आवाज आला, "सर, बांगडे पाचाचो वाटो असता. म्हणजे पाच एककच झाला!" वर्ग हसला, मीही हसलो, आणि त्या मुलाला अर्धा गुण दिला.

बाकीचे नियम मी स्वतःच वाकवत गेलो. देवगडकडचे एक बागायतदार एकदा मुलाला घेऊन आले. चाचणीच्या दिवशी मुलगा बागेत होता.

"सर, आंबो काय चाचणीचा वेळापत्रक बघून पिकता?"

"नियम आहे हो."

"नियम आसा ता बरा आसा. पण पेट्यो कोण भरतलो? तुमी येतास?"

मी मुलाची चाचणी परत घेतली. उशिरा येणाऱ्याला दार बंद, असाही एक नियम होता. पण निम्मा वर्ग ज्या एसटीने यायचा ती गाडीच उशिरा यायची, आणि गाडीवर माझा अधिकार चालत नव्हता. तोही नियम गेला. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नियम माणसांसाठी असतात, अशी स्वतःची समजूत घालायला मला वेळ लागत नाही.

फळ्यावर सगळ्यात खाली, अधोरेखित करून, एक नियम असायचा : प्रयोगात दिसेल तेच लिहायचं, आकडा बनवायचा नाही. हे लिहिल्यावर मी खडू खाली ठेवून जरा गंभीर आवाजात बोलायचो. दाजी ज्याला भाषण म्हणतात ते हेच. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका, विज्ञान म्हणजे एवढंच. हे बोलताना मला स्वतःबद्दल बरं वाटायचं.

आता आत काय चालतं ते सांगतो. प्रयोगशाळेत प्रत्येक उपकरणाचं उत्तर ठरलेलं असतं. कुठल्या डब्यातली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, किती ओहमची, कुठल्या भिंगाचं नाभीय अंतर किती, हे एक तुकडी दुसरीला सांगून जाते. मुलं आधी उत्तर लिहितात, मग उलटं गणित करून त्या उत्तराला शोभतील असे आकडे तक्त्यात भरतात. प्रयोग नावाला होतो. हे सगळ्या शिक्षकांना माहीत असतं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातले परीक्षक येतात. परीक्षा निम्म्यावर आली की मी त्यांना म्हणतो, "चला सर, चहा घेऊ." आम्ही व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसतो आणि तेवढ्या वेळात दाजी टेबलाटेबलावरून फिरतात. कोणाचं उत्तर फार भरकटलेलं असेल तर कानाशी वाकून कुजबुजतात. मी परत येतो तेव्हा सगळ्यांची उत्तरं ताळ्यावर आलेली असतात. मी परीक्षक म्हणून त्यांच्या कॉलेजात जातो तेव्हा तेही मला चहाला नेतात. चहा चांगला असतो.

यात दाजींचा दोष नाही. गावाकडची पोरं, दोन-चार गुणांनी कोणाची वाट अडू नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. चहाला उठतो मी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिचं नाव मी इथे सायली असं लिहितो. तळेऱ्यापासून आत, भातशेती आणि काजू करणाऱ्या घरातली मुलगी. शिकायला आमच्या गावात मावशीकडे राहिली होती. अकरावीत पहिल्या चाचणीनंतर तिने मला व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाली, "सर, मला पुढे फिजिक्सच करायचंय."

"इंजिनियरिंग?"

"नाही. फिजिक्स."

मी तिला दोनदा विचारून घेतलं. एवढ्या वर्षांत असं सांगणारी मुलं मला फार भेटलेली नाहीत. तिचे वडील पालकसभेला आले तेव्हा त्यांनीही तोच विषय काढला. "सर, चेडू म्हणता फिजिक्स करतंय. माका त्यातला काय कळणा नाय. तुमी सांगशात तसा." मी छाती पुढे काढून सांगितलं, "करू द्या. तिचा हात चांगला आहे." प्रयोग करणाऱ्याच्या हाताबद्दल आम्ही असं बोलतो, जसं सुताराच्या हाताबद्दल बोलतात.

सायली माझा खालचा नियम पाळायची. आकडा चुकीचा आला तरी तोच लिहायची आणि खाली का चुकला असेल ते दोन ओळीत मांडायची. तिचं जर्नल तपासायला वेळ लागायचा. खरं सांगायचं तर मला ते सुरुवातीला आवडलं आणि नंतर अवघड वाटायला लागलं. बाकीची जर्नलं मी न वाचता सही करू शकायचो.

तिच्या बारावीच्या वर्षी, म्हणजे याच जानेवारीत, जर्नलं प्रमाणित करायचे दिवस आले. प्रमाणित जर्नल नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या टेबलावर वह्यांचे गठ्ठे असतात आणि डोकं ठिकाणावर नसतं. सायलीचा एक प्रयोग राहिला होता, मीटर ब्रिजचा. लाकडी फळीवर एक मीटर लांबीची तार ताणलेली असते. एका बाजूच्या फटीत माहीत असलेला रोध लावायचा, दुसऱ्या बाजूच्या फटीत माहीत नसलेली कॉइल. मग जॉकी नावाची टोकदार खुंटी तारेवर टेकवत पुढे सरकायचं. गॅल्व्हानोमीटरचा काटा जिथे शून्यावर येतो तिथून दोन्ही बाजूंच्या लांब्या मोजायच्या. त्या लांब्यांचं जे प्रमाण, तेच रोधांचं. त्या कॉइलच्या डब्यावर चार ओहम असं लेबल होतं. चाराला चार लावले की काटा बरोबर मधोमध, पन्नास सेंटिमीटरवर शून्य होतो. आमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तो तिथेच होत आलेला.

सायली टेबलापाशी आली. "सर, माझं अठ्ठावन्नच्या पुढे येतंय. म्हणजे पाच पॉइंट सहा ओहम."

"तार झिजलीय. चार असतं त्याचं."

"फटी बदलून पण बघितलं. इकडची कॉइल तिकडे लावली. तेवढंच येतं."

"जॉकी घासत नेतेस तू. टेकव आणि उचल."

"नाही सर घासत. तीनदा केलं."

इथे मला थांबायला हवं होतं. तार झिजली असती तर फटी बदलल्यावर उत्तर बदललं असतं. दोन्ही बाजूंनी तेच येत असेल तर खोट तारेत नाही, कॉइल तेवढीच आहे. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो, परीक्षेला येणारा प्रश्न म्हणून अधोरेखित करायला लावतो. ती मला माझंच शिकवलेलं म्हणून दाखवत होती आणि मी लाल पेनाने दुसऱ्याच कोणाच्या वहीवर सही करत होतो.

"चार लिही आणि जर्नल दे."

ती हलली नाही. "मग लांबी कुठली लिहू?"

"पन्नासच्या आसपास. अगदी पन्नास नको. एकदा एकोणपन्नास पॉइंट आठ, एकदा पन्नास पॉइंट तीन, असं."

एवढं बारकाईने मार्गदर्शन मी त्या वर्षी दुसऱ्या कशाचंच केलं नसेल. ती जागेवर गेली, खोडरबर मागून घेतलं, आणि थोड्या वेळाने वही माझ्यापुढे ठेवली. मी सही केली. जाताना ती फक्त म्हणाली, "सगळ्यांचं येतं सर. माझंच येत नाही." मी म्हटलं, "येईल गं, सराव कर."

प्रात्यक्षिक परीक्षेत चिठ्ठी उचलून प्रयोग ठरतो. तिला मीटर ब्रिजच आला. मला जरा धास्ती वाटली. पण मी परीक्षकांना चहाला नेऊन परत आणलं तेव्हा तिची उत्तरपत्रिका देऊन झालेली होती. सगळ्यांत आधी. उत्तर चार. मला हायसं वाटलं.

परीक्षा संपल्या. एप्रिलच्या शेवटी मी आणि दाजी उपकरणं पुसून कपाटात ठेवत होतो. डिजिटल मल्टिमीटरची बॅटरी नवीन घातली होती, म्हणून चालतो का ते बघायला मी हाताला येईल ती वस्तू मोजत होतो. चार ओहमचा डबा हाताला आला. मीटरवर पाच पॉइंट सहा.

मी वायरी पुसल्या, पुन्हा लावल्या. पाच पॉइंट सहा.

"दाजी, ही कॉइल कधी बदलली?"

"बदलूक नाय ओ. पावसात तुटलली, हिरवी पडान. कपाटात तार होती, ती नवीन गुंडाळलंय."

"मोजली?"

"मोजूची कित्याक? डब्यार लिवलला आसा मा, चार."

"अहो, पण ती चार नाहीये."

दाजी अजिबात डगमगले नाहीत. "कशी नाय? वर्षभर सगळ्या पोरांचो चारच इलो. कॉइल चुकीची असती तर इलो असतो?"

मी मीटर बंद केला. त्या वर्षीच्या प्रत्येक मुलाने, तक्ता आखून, पेन्सिलीने आकृती काढून, डब्यात नसलेले चार ओहम मोजले होते. प्रत्येक वहीवर माझी सही होती. डब्यात जे होतं ते एकाच मुलीने मोजलं होतं आणि मी तिला ते खोडायला लावलं होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिला सांगून या." मी म्हटलं, आता गुण लागतील, पुरे गुण असतील, कशाला. तिने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरत राहिली. असेच काही आठवडे गेले. निकाल लागला. सायलीला प्रात्यक्षिकात पुरे गुण होते. मग बाजारात तिची मावशी भेटली. मी विचारलं, बीएस्सीला कुठे घालताय? मावशी म्हणाली, "फिजिक्स नको म्हणता आता. हात चलणा नाय म्हणता प्रयोगात. नर्सिंगाचो फॉर्म भरलो तेणी."

दुसऱ्या दिवशी मी तळेऱ्याची गाडी पकडली.

त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमाची सोलं वाळत घातली होती. सायली सोलं उलटत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. तिचे वडील लगबगीने उठले. "येवा सर, बसा. गो, पाणी हाड. आधी कळवलला असता तर तळेऱ्याक गाडी घेवन इलो असतंय." मी बसलो, पाणी प्यायलो, आणि आणखी वेळ काढला तर सांगता येणार नाही म्हणून लगेच सांगितलं.

"सायली, ती कॉइल पाच पॉइंट सहाचीच होती. मी मोजली."

तिचा चेहरा एकदम उजळला. "बघा! मी म्हटलं नव्हतं सर?" मग तो उजेड हळूहळू गेला. ती म्हणाली, "मग बाकीच्यांचा चार कसा आला?"

तिला ते ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून ऐकायचं म्हणून तिने विचारलं.

"बनवून."

"आणि तुम्ही सह्या केल्यात?"

"केल्या. तुलाही बनवायला सांगितलं."

तिचे वडील गोंधळून दोघांकडे बघत होते. "सर, म्हणजे चेडवाचे मार्क कमी झाले?"

"नाही. पुरे मिळाले."

"मगे वायट काय झाला?"

मी त्यांना समजावायला गेलो आणि जमलं नाही. सायलीच म्हणाली, "बाबा, माका वाटलला माझ्या हातातच कायतरी खोट आसा. सगळ्यांचा येता, माझाच येणा नाय." मग माझ्याकडे वळून, "परीक्षेत मीटर ब्रिजची चिठ्ठी आली ना, तेव्हा मी जॉकी उचललीच नाही सर. काटा बघितलाच नाही. नुसते आकडे लिहिले, तुम्ही सांगितलेले."

मी खाली बघत होतो. सोलांचा आंबट वास येत होता.

तिने विचारलं, "तार कोणी बदललेली?"

"दाजींनी. पावसात."

"म्हणजे आधीपेक्षा चाळीस टक्के जास्त लांब गुंडाळली त्यांनी." ती थांबली. "जाडी तीच असली तर."

ही शेवटची अट माझ्या वर्गात कोणी घातली नसती. मी स्वतःसुद्धा कदाचित नसती. मी जरा पुढे सरकून म्हटलं, "बीएस्सीचे फॉर्म अजून चालू आहेत. मी येतो तुझ्याबरोबर. तिथल्या सरांना मी ओळखतो, त्यांना सगळं सांगेन. मी काय केलं तेही सांगेन."

तिच्या वडिलांनी तिच्याकडे बघितलं. "सर येतत म्हणतत गो. तुझा काय ता सांग. माझा काय म्हणना नाय."

ती सोलं उलटत राहिली. ओळ संपवली, मग हात पुसले.

"नको सर. नर्सिंगाकच जातंय."

"रागाने जाऊ नकोस. तुझा हात—"

"राग नाय. हात बरो आसा, ता आता कळला माका." ती माझ्याशी पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलत होती. "पण थंय दवाखान्यात चुकीचो आकडो लिवलो तर कोणतरी वराडतलो तरी."

"गो!" वडील ओरडले. "सरांका असा बोलतत?"

"बोलांदे तिका," मी म्हटलं.